लौजतैन : गळ्यातल्या दोन बदामांची गोष्ट

उर्दूत टॉन्सिलला 'लौजतैन' म्हणतात. मूळ शब्द अरबी 'लौज', म्हणजे बदाम. शेवटचा 'ऐन' हा द्विवचनाचा प्रत्यय. 'वालिदैन' म्हणजे आई-वडील दोघे, 'दारैन' म्हणजे दोन्ही जग, तसे 'लौजतैन' म्हणजे दोन बदाम. जर्मन माणूसही आज टॉन्सिलला 'मांडेल', म्हणजे बदामच म्हणतो. आपल्याकडे मात्र 'लौजतैन' हा शब्द हकिमांच्या पुस्तकात राहिला. अंबडच्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारा, 'टॉन्सिल' हाच शब्द ऐकू येईल. तोही बहुतेक वेळा 'वाढलेत' किंवा 'काढून टाकले' यांच्याच जोडीने.

थंडीचे दिवस सुरू झाले की वर्गात दोन-चार मुले घसा धरून बसलेली दिसतात. पालक भेटले की विचारतात, "सर, काढूनच टाकावेत का? नाहीतरी त्यांचा उपयोग काय?" मी भाषेचा शिक्षक. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे. पण दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे. एक अवयव निरुपयोगी आहे असे जगाने कधी ठरवले, आणि ते मत चुकीचे कसे ठरले? ही हजार वर्षांची हकिगत आहे. तिच्यात कुर्तुबा आहे, मुंबईचा प्लेग आहे, न्यूयॉर्कच्या शाळा आहेत आणि कोंबड्यासुद्धा आहेत.

सुरुवात कुर्तुब्यापासून करू, कारण आपल्या वाचकांना ते नाव जवळचे आहे. अबुल कासिम अल-जहरावी हे अंदलुसचे शल्यवैद्य. इ. स. १००० च्या सुमारास त्यांचा 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण झाला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात हत्यारांची चित्रे आहेत. टॉन्सिल कसे काढावेत हे त्यांनी तपशिलाने लिहिले आहे. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे, सहायकाने जीभ दाबून धरायची, आकडीने टॉन्सिल पुढे ओढायचे आणि कात्रीसारख्या हत्याराने कापायचे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची ताकीद. टॉन्सिल लाल, सुजलेले आणि बुडाशी रुंद असेल तर हात लावू नका, रक्त थांबणार नाही. पांढरट, गोल आणि बारीक देठाचे असेल तरच कापा. बाराव्या शतकात तुलैतुल्यात, म्हणजे टोलेडोत, या भागाचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपचे शल्यवैद्य पुढे कित्येक पिढ्या त्यावरच शिकले.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या सभा-संमेलनांत अल-जहरावींचे नाव निघाले की बोलणारा लगेच म्हणतो, "सगळे आपल्याच लोकांनी शोधले होते." ते खरे नाही, आणि अल-जहरावींना अशा स्तुतीची गरजही नाही. टॉन्सिल कापायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे त्यांना कळले होते. टॉन्सिल आत काय करते हे त्यांना माहीत नव्हते. कळणार तरी कसे? ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो यायला आणखी सहाशे वर्षे होती.

ते पाहण्याची सुरुवात १८८० च्या दशकात जर्मनीत झाली. १८८४ मध्ये वाल्डायर यांनी दाखवले की टॉन्सिल हे एकटेदुकटे मांसाचे गोळे नाहीत. घशाच्या दारात, नाकाच्या मागे आणि जिभेच्या मुळाशी त्याच जातीच्या ऊतींचे एक कडेच आहे. श्वास आणि अन्न या दोन्ही वाटा त्या कड्यातूनच जातात. पुढच्याच वर्षी फ्लेमिंग यांनी अशा ऊतींत गोल गोल ठिपके पाहिले. त्यांच्यात पेशी झपाट्याने दुभंगून वाढत होत्या. त्यांनी या जागांना अंकुर फुटण्याची जागा अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. इंग्रजीतून तेच आज 'जर्मिनल सेंटर' म्हणून ओळखले जाते. पेशी इथे जन्मतात एवढे फ्लेमिंगना दिसले. कशासाठी जन्मतात, हे कोडेच राहिले.

त्याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. रोगजंतूशी शरीर लढते ते कशाने? रशियन शास्त्रज्ञ मेच्निकोव्ह म्हणत, पेशींनी. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती जमताना पाहिल्या. बेरिंग आणि कितासातो यांनी मात्र १८९० मध्ये दाखवले की रक्तातल्या पाण्यासारख्या द्रवातही विषाला मारण्याची शक्ती असते. आज आपण तिला अँटिबॉडी किंवा प्रतिपिंडे म्हणतो. पेशी की द्रव, असे दोन तट पडले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह आणि दुसऱ्या तटाचे एर्लिश यांना वाटून देण्यात आले, पण वाद मिटला नाही.

या वादाचे एक टोक आपल्या महाराष्ट्रात पोचते. ओडेसा इथे मेच्निकोव्हच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि सरकारने हाफकिनना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या छोट्या जागेत त्यांनी मारलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

पण लस तयार होणे वेगळे आणि लोकांनी बाही वर करणे वेगळे. त्या दिवसांत पुण्यात काय चालले होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. सोजीर घरात शिरत होते, माणसे उचलून नेली जात होती, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईतही अफवांना ऊत आला होता. अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे इमाम सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगा खान, पुढे आले. वय जेमतेम १९-२०. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिनच्या कामासाठी आपली 'खुशरू लॉज' ही इमारत दिली. त्यांच्या जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पुण्यात जबरदस्ती झाली, मुंबईत एका तरुण धर्मगुरूने दंड पुढे केला. या दोन वाटांतला फरक आपल्या जमातीने विसरू नये.

मात्र दंडात टोचलेल्या लसीने आत नेमके काय होते, हे ना आगा खानांना माहीत होते, ना हाफकिनना. काखेतल्या गाठी दुखायच्या, फुगायच्या, आणि माणूस वाचायचा. त्या गाठींत जे घडत होते तेच आपल्या टॉन्सिलमध्येही रोज घडत असते.

ते कळण्याआधी टॉन्सिलवर मोठे संकट आले. भूल देण्याची सोय झाली, हत्यारे सुधारली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मुलांचे टॉन्सिल काढणे ही जवळपास रीतच पडली. टॉन्सिल म्हणजे रोगाचे घर, ते गेलेलेच बरे, असा समज होता. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कच्या शाळांतली एक पाहणी मला फार बोलकी वाटते. ११ वर्षांची १००० मुले निवडली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांचे काढावेत असे सांगितले. ज्यांना 'गरज नाही' म्हटले त्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी ९९ जणांचे काढायला सांगितले. उरलेली ११६ मुले तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी ५१ निवडली. शेवटी हजारांत ६५ मुले अशी उरली, ज्यांचे टॉन्सिल काढावेत असे कोणीच म्हटले नव्हते. दर वेळी साधारण ४५ टक्के! म्हणजे डॉक्टर मुलाच्या घशाकडे पाहून कमी आणि डोक्यात बसलेल्या सवयीने जास्त ठरवत होते.

याच काळात आपल्या मराठवाड्यात एक वेगळी गोष्ट चालली होती. आपला अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९१७ मध्ये हैदराबादेत 'दार-उल-तर्जुमा' हे भाषांतराचे खाते सुरू झाले आणि त्याचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक, ज्यांची कितीतरी वर्षे औरंगाबादेत शिक्षणाच्या कामात गेली. पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ उघडले. तिथे इतिहास, गणित, पदार्थविज्ञान आणि पुढे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाई. शरीराच्या एकेका भागाला उर्दू शब्द होता आणि तो शब्द पाठ करूनच मुले डॉक्टर होत. १९४८ नंतर राज्य गेले आणि त्यासोबत उर्दूतून वरचे विज्ञान शिकण्याची वाटही बंद झाली. राज्य गेले याचे दुःख मला नाही. जनतेवर जुलूम करणारे रझाकार त्याच राज्याच्या आश्रयाने वाढले होते. पण भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. टॉन्सिलमधल्या पेशींचा उलगडा १९५० नंतर झाला, आणि नेमकी तेव्हाच आपल्या शब्दांची साखळी तुटली होती. म्हणून 'लौजतैन' बदामाच्या आकारावरच थांबले. त्या बदामाच्या आत काय आहे ते आपल्या भाषेत आलेच नाही.

तो उलगडा सुरू झाला कोंबड्यांपासून. पक्ष्यांच्या शेपटीजवळ 'बर्सा' नावाची छोटी पिशवी असते. अमेरिकेत ब्रूस ग्लिक तिच्यावर काम करत होते. त्यांच्या एका सहाध्यायाला वर्गात अँटिबॉडीचे प्रात्यक्षिक दाखवायचे होते. त्याने ग्लिकच्या कोंबड्या नेल्या, आणि प्रात्यक्षिक फसले. ज्यांची बर्सा काढलेली होती त्या कोंबड्यांत अँटिबॉडी तयारच झाली नाही. एका नामवंत नियतकालिकाने हा लेख नाकारला. शेवटी १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात आला आणि काही वर्षे तिथेच पडून राहिला. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखवले. त्याआधी तिलाही निरुपयोगीच समजत. बर्साच्या आद्याक्षरावरून 'बी' पेशी आणि थायमसच्या आद्याक्षरावरून 'टी' पेशी अशी नावे पडली. माणसाला बर्सा नसते, त्याच्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, पण नाव कोंबडीचेच राहिले.

१९६६ नंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. अँटिबॉडी बनवते बी पेशी, पण टी पेशीच्या मदतीवाचून तिला ते काम नीट जमत नाही. मग या दोन पेशी एकमेकींशी बोलतात कुठे आणि कशा? माणसात हे पाहायला ताज्या ऊती हव्या होत्या. जिवंत माणसाच्या काखेतली गाठ कोण काढून देणार? पण टॉन्सिल तर रोज काढले जात होते. जो अवयव फेकून द्यायचा म्हणून कापला, त्यानेच शास्त्रज्ञांना हे संभाषण ऐकवले.

ते संभाषण थोडक्यात असे आहे. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. अन्न, हवा आणि त्यांतले जंतू या खाचांत अडकतात. तिथे पहारा देणाऱ्या पेशी जंतूचा तुकडा उचलतात आणि टी पेशीला दाखवतात. पण नुसता तुकडा दिसला म्हणून टी पेशी उठत नाही. दाखवणाऱ्या पेशीने 'हा खरोखर धोका आहे' असा दुसरा इशाराही द्यावा लागतो. एक इशारा आला आणि दुसरा आला नाही, तर टी पेशी गप्प बसते. अन्नाच्या प्रत्येक कणावर शरीर तुटून पडत नाही, त्यामागे हीही एक राखण आहे.

दोन्ही इशारे मिळालेल्या काही टी पेशी मग बी पेशींच्या वस्तीकडे निघतात. वस्तीतून एक रसायन पाझरत असते आणि या टी पेशींवर ते ओळखणारा ग्राहक उगवलेला असतो. वासाचा माग काढावा तशा त्या पोचतात. तिकडे बी पेशीनेही तोच जंतू पकडून त्याचा तुकडा आपल्या अंगावर मांडलेला असतो. टी पेशी तो तपासते. ओळख पटली तर ती आपल्या अंगावरचा एक रेणू बी पेशीच्या 'सीडी-४०' नावाच्या कडीत अडकवते आणि जवळूनच रासायनिक निरोप सोडते. मग बी पेशी दुभंगू लागते. फ्लेमिंगना दिसलेले गोल ठिपके ते हेच. तिथे बी पेशी आपल्या अँटिबॉडीच्या नमुन्यात छोटे-छोटे फेरबदल करतात आणि पुन्हा परीक्षेला येतात. जिचा नमुना जंतूला घट्ट बसतो तिला टी पेशीचा होकार मिळतो. बाकीच्या बहुतेक तिथेच मरतात. पास झालेल्यांपैकी काही अँटिबॉडीचे कारखाने होतात, काही वर्षानुवर्षे आठवण जपतात.

१९९३ मध्ये या कडीचे मोल माणसातच सिद्ध झाले. काही मुलांना जन्मापासून वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत. त्यांच्या टी पेशींवर सीडी-४० ला अडकणारा रेणूच नीट बनत नाही असे आढळले. त्यांच्यात बी पेशी होत्या, टी पेशी होत्या, फक्त निरोप पोचत नव्हता. २००० मध्ये दोन संशोधक गटांनी माणसाच्या टॉन्सिलमधूनच बी पेशींच्या वस्तीत राहून त्यांना मदत करणाऱ्या खास टी पेशींची ओळख पटवली. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काढलेल्या टॉन्सिलच्या पेशी काचेच्या भांड्यात एकत्र वाढवल्या, तर त्यांनी पुन्हा जर्मिनल सेंटर रचले आणि लस घातल्यावर अँटिबॉडी बनवली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टॉन्सिल इतके कामाचे, तर ते कधीच काढू नयेत का? तसे नाही. अल-जहरावींची वाटच अजून खरी आहे : केव्हा कापायचे ते ओळखा. १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी ठरवलेली मोजणी आजही वापरली जाते. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे तीन-तीन वेळा घसा जोरात धरला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार. मूल झोपेत घोरत असेल आणि त्याचा श्वास अडकत असेल, तर टॉन्सिल काढणे हा मोठाच उपाय आहे. काढल्यावर प्रतिकारशक्ती संपते असेही नाही. वाल्डायरने दाखवलेल्या कड्याचा उरलेला भाग आणि शरीरभरच्या गाठी काम सांभाळतात. पण किंमत शून्य नसते. १९७१ मध्ये भारतीय वंशाचे डॉक्टर प्यारे ओगरा यांनी अमेरिकेत दाखवले की टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्या मुलांच्या घशात पोलिओविरुद्धच्या अँटिबॉडी कमी होतात. आणि एक इशारा पालकांसाठी : काही जंतूंमुळे धरलेला घसा अंगावर काढला, तर पुढे सांधे आणि हृदयावर संधिवाताचा ताप येऊ शकतो. म्हणून मिठाच्या गुळण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेले औषध पूर्ण करा.

पोलिओच्या बूथवर आम्ही शिक्षक कितीतरी रविवार बसलो. तोंडात दोन थेंब टाकताना ते आधी त्या दोन बदामांजवळून जातात, याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हते. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. त्यात त्या पेशींच्या मशवऱ्याचा वाटा आहे, आणि ज्या मशिदींतून 'मुलांना डोस पाजा' असे सांगितले गेले त्यांचाही. १८९७ मध्ये एका ज्यू शास्त्रज्ञाने सुई धरली आणि एका मुस्लिम इमामाने दंड पुढे केला, तेव्हाही हेच झाले होते. एकाचा इशारा पुरत नाही, दुसऱ्याने भरवसा दाखवावा लागतो.

'लौजतैन' हा शब्द आपल्या मुलांना जरूर शिकवावा. त्यासोबत आतली हकिगतही सांगावी, मराठीत सांगावी, कारण आज आपल्या घरातली मुले शाळेचे विज्ञान मराठीतूनच वाचतात. पुढच्या वेळी कोणी विचारले, "यांचा उपयोग काय?", तर घरातल्याच एखाद्या मुलीला त्याचे उत्तर देता यावे.